आधी मेट्रो, मग वस्ती: कोपनहेगनने जमिनीच्या जोरावर शहर कसं वाढवलं

कोपनहेगनच्या मेट्रोला ड्रायव्हर नसतो. त्यामुळे गाडीची सगळ्यात पुढची, काचेला लागून असलेली सीट प्रवाशांच्या वाट्याला येते आणि ती पकडायला मुलं प्लॅटफॉर्मच्या टोकाशी जाऊन उभी राहतात. मलाही एकदा ती मिळाली. एम-१ ही लाइन जुन्या शहराच्या पोटातून निघते, बंदराच्या पाण्याखालून पलीकडे जाते आणि मग एकदम उजेडात येऊन खांबांवर चढते. पुढची पाच स्टेशनं जवळपास सरळ रेषेत आहेत. डॅनिश रेडिओ-टीव्हीचा निळा, चौकोनी पेटीसारखा कॉन्सर्ट हॉल, प्रदर्शन केंद्र, एक अवाढव्य मॉल, काचेची ऑफिसं, आणि शेवटी वेस्टआमागर. तिथे रूळ संपतात. थोडं पुढे चालत गेलं की शहरही संपतं. शेवटच्या दहा मजली इमारतीला लागूनच गवताचा माळ सुरू होतो, आणि माळावर गुरं चरत असतात.

आपल्याकडे शहर असं संपत नाही. आधी गॅरेजं लागतात, मग गोदामं, मग वीटभट्ट्या, मग कुठे शेतं दिसायला लागतात. इथे मात्र कुणीतरी सुरीने कापल्यासारखी कड आहे. ती कड १९९२च्या एका कायद्याने आखली. कोपनहेगनच्या नव्या इमारतींचे फोटो जगभर फिरतात, आर्किटेक्टची नावं सगळ्यांना माहीत असतात. पण त्या इमारती तिथेच का आल्या, एवढ्या मोठ्या का झाल्या, त्यांच्यातली घरं इतकी महाग का, हे जमिनीचा व्यवहार समजून घेतल्याशिवाय कळत नाही. म्हणून इथे आधी हिशोब, मग इमारती.

रिकामं होत गेलेलं शहर

१९५० साली कोपनहेगन महापालिकेच्या हद्दीत सुमारे ७ लाख ६८ हजार लोक राहत होते. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ही संख्या ४ लाख ६५ हजारांच्या आसपास आली होती. युद्ध नाही, साथ नाही, तरी चाळीस वर्षांत तीन लाख माणसं कमी झाली. ती गेली उपनगरांत. जुन्या वस्त्यांमधली घरं लहान होती, अनेक ठिकाणी घरात न्हाणीघरही नव्हतं. ज्याला परवडलं त्याने लोकलच्या मार्गावर बाग असलेलं घर घेतलं.

हे जाणंही आखीव होतं. १९४७ साली स्टीन आयलर रासमुसेन आणि पीटर ब्रेड्सडॉर्फ यांच्या पुढाकाराने एक आराखडा तयार झाला. त्याला 'फिंगर प्लॅन' म्हणतात, आणि तो समजायला आपला पंजा टेबलावर पसरून ठेवला की पुरे. तळहात म्हणजे जुनं शहर. पाच बोटं म्हणजे लोकल रेल्वेचे पाच मार्ग. वस्ती वाढवायची ती बोटांवर, स्टेशनांच्या आसपास. बोटांमधल्या बेचक्यांत शेतं, रानं, तळी तशीच राहू द्यायची. पाऊणशे वर्षांनंतरही ही कल्पना तिथल्या नियोजनाचा कणा आहे. मोठी ऑफिसं स्टेशनपासून ६०० मीटरच्या आत हवीत, असा नियमच आहे. एक हात काढून दाखवला की सामान्य माणसाला कळतो, असा दुसरा विकास आराखडा मी पाहिलेला नाही.

पण माणसं बोटांवर गेली की पालिकेचं काय होतं? डेन्मार्कमध्ये रहिवाशाच्या उत्पन्नावरच्या कराचा मोठा वाटा तो राहतो त्या पालिकेला मिळतो. कमावतं कुटुंब हद्दीबाहेर गेलं की त्याचा करही बाहेर गेला. मागे राहिले विद्यार्थी, पेन्शनर आणि बेरोजगार. बंदरातले कारखाने एकामागून एक बंद पडत होते. बर्माइस्टर अँड वाइन ही जहाजबांधणीची जुनी कंपनी १९९६ साली बुडाली. आवक आटत होती आणि खर्च वाढत होता. अशा पालिकेने मेट्रो बांधायची म्हटलं तर पैसा कुठून आणायचा?

पडीक जमिनीचं सोनं

शहराच्या दक्षिणेला आमागर बेट आहे. त्याच्या पश्चिमेला सरकारच्या आणि पालिकेच्या मालकीचा एक लांबट पट्टा रिकामा पडून होता. शेजारचा माळ दुसऱ्या महायुद्धाच्या काळात समुद्रात बांध घालून, बेकारांच्या हाताला काम देऊन मिळवलेला. पुढे कितीतरी वर्षं तिथे लष्कर नेमबाजीचा सराव करत असे. या पट्ट्यावर कुणी राहत नव्हतं, पण जागा मोक्याची होती. एका बाजूला शहराचा मध्यभाग, दुसऱ्या बाजूला विमानतळ, आणि स्वीडनला जोडणारा पूलही ठरलेला होता. तो २००० साली सुरू झाला.

१९९२च्या कायद्याने या पट्ट्यावर 'ओरेस्टाड' नावाचं नवं उपनगर ठरवलं: सुमारे ५ किलोमीटर लांब, ६०० मीटर रुंद, ३१० हेक्टर. त्यासाठी एक सार्वजनिक कंपनी काढली. ५५ टक्के मालकी पालिकेची, ४५ टक्के देशाची. जमीन कंपनीच्या नावावर झाली. आणि मग खरी युक्ती आली.

समजा, गावाबाहेर तुमचा एक माळ आहे. रस्ता नाही, पाणी नाही, म्हणून त्याला भाव नाही. उद्या त्याच्या मधून रेल्वे जाणार आणि दोन्ही बाजूंना इमारती बांधायला परवानगी मिळणार असं नक्की झालं, तर भाव दहा पटींनी वाढेल. ही वाढ तुमच्या घामाची नाही. ती रेल्वेची आणि परवानगीची आहे, म्हणजे सार्वजनिक निर्णयाची. एरवी हा फायदा कुणाच्या खिशात जातो? ज्याला आधी कुणकुण लागली आणि ज्याने आधी जमीन घेऊन ठेवली त्याच्या. कोपनहेगनमध्ये रेल्वे बांधणारा आणि जमिनीचा मालक एकच होता. त्यामुळे वाढलेला भाव बाहेर गळला नाही.

व्यवहाराचा क्रम असा. कंपनीने कर्ज काढायचं. कर्जामागे देश आणि पालिका उभ्या असल्यामुळे व्याज कमी. त्या पैशातून मेट्रो बांधायची. मेट्रो येणार म्हणून जमिनीला भाव. मग तुकड्या-तुकड्याने जमीन विकायची आणि कर्ज फेडायचं. जोडीला तिकिटांचं उत्पन्न आणि नव्या जमिनींवरचा कर.

मराठी वाचकाला यात काही ओळखीचं वाटलं असेल, तर ते बरोबरच आहे. १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोने नवी मुंबईत हाच विचार केला होता: जमीन सार्वजनिक संस्थेच्या हातात, ती विकसित करून विकायची आणि त्या पैशातून रस्ते, पाणी, रेल्वे. मानखुर्दहून खाडीपलीकडे वाशीला लोकल आली ती १९९२ साली, आणि तिथल्या रेल्वेच्या खर्चाचा दोनतृतीयांश भार सिडकोने उचलला होता. फरक जमिनीत आहे, आणि तो लहान नाही. नवी मुंबईची जमीन ९५ गावांतल्या आगरी-कोळी माणसांची होती. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जानेवारी १९८४ मध्ये झालेल्या आंदोलनात पाच शेतकऱ्यांचा जीव गेला, तेव्हा कुठे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत मिळायची वाट मोकळी झाली. ओरेस्टाडचा पट्टा आधीपासूनच सार्वजनिक मालकीचा होता. म्हणून डॅनिश हिशोब कागदावर एवढा स्वच्छ दिसतो. त्याचं कौतुक करताना ही गोष्ट विसरता येत नाही.

हिशोबाने घडवलेल्या इमारती

मेट्रो १९ ऑक्टोबर २००२ रोजी सुरू झाली. वस्ती मात्र अजून यायची होती. सुरुवातीची काही वर्षं गाड्या जवळजवळ मोकळ्या माळावरून धावत होत्या. मेट्रोचा खर्च अंदाजापेक्षा वाढला, जमीन ठरल्या वेगाने खपेना, आणि व्याज कुणासाठी थांबत नाही. अशा वेळी विकणारा काय करतो? मोठं गिऱ्हाईक शोधतो. छोट्या-छोट्या पन्नास प्लॉटना पन्नास गिऱ्हाइकं शोधण्यापेक्षा एका कंपनीला एक अख्खा तुकडा विकणं सोपं, आणि पैसाही लवकर हातात येतो.

ओरेस्टाडचं रूप इथून आलं. २००४ साली स्टेशनालगत 'फील्ड्स' हा मॉल उघडला. खरेदी आत गेली, मग बाहेरच्या रस्त्यावर दुकान कशाला? कंपन्यांनी एकेका तुकड्यावर एकेक अखंड इमारत उभी केली. तळमजल्यावर लांबच लांब काच, दार एखादंच. शहर माणसाच्या चालीने मोजणारे प्रसिद्ध डॅनिश नियोजनकार यान गेल यांनी यावर उघड टीका केली, आणि तिथे चालून पाहिलं की ती पटते. दोन इमारतींमधलं अंतर एवढं, की वारा त्यातून शिट्टी घालत येतो. आपलं शहर पायी फिरण्याजोगं केलं म्हणून जगात नावाजलेल्या कोपनहेगनने अशी वस्ती बांधावी याचं मला सुरुवातीला नवल वाटलं. हिशोब कळल्यावर वाटेनासं झालं. तुकड्याचा आकार आधी ठरला होता. आर्किटेक्टच्या हातात राहिलं ते त्या आकाराचं काय करायचं एवढंच.

काहींनी त्याचं सोनं केलं. ब्यार्क इंगल्स यांच्या 'बिग' या संस्थेला एका जागी दोन गोष्टी बांधायच्या होत्या, एक पार्किंगची इमारत आणि एक राहायची. त्यांनी दोन शेजारी-शेजारी न बांधता पार्किंगचा उतार केला आणि त्यावर ८० घरं डोंगरावरच्या शेतांसारखी पायऱ्या-पायऱ्यांनी रचली. प्रत्येक घराला अंगण, आणि ते अंगण म्हणजे खालच्या घराचं छप्पर. २००८ साली पूर्ण झालेल्या या इमारतीला लोक 'ब्येअर्ग' म्हणजे 'डोंगर' म्हणतात.

पट्ट्याच्या अगदी शेवटी, माळाच्या कडेला, '८-टॅलेट' आहे. नाव म्हणजे नुसतं 'आठचा आकडा', कारण वरून पाहिली तर इमारत आठच्या आकड्यासारखी दिसते. पावणेपाचशेच्या आसपास घरं. २०१० साली ती बांधून झाली तेव्हा एवढा मोठा ठोकळा माणसांना परका वाटू नये यासाठी एक साधी गोष्ट केली होती: जमिनीपासून एक फरसबंद वाट निघते आणि हळूहळू चढत दहाव्या मजल्यापर्यंत जाते. सायकलवरून घरी जाता येतं. घरांची दारं या वाटेवर उघडतात. मी संध्याकाळी तिथून चालत गेलो तेव्हा एका दाराशी चिखलाचे छोटे बूट उलटे टेकवून ठेवले होते. शेजारी टोमॅटोची कुंडी, आणि भिंतीला टेकवलेली तीनचाकी. सातव्या मजल्यावर असून गल्लीत असल्यासारखं वाटलं. नैऋत्येकडचा कोपरा मुद्दाम खाली उतरवला आहे, म्हणजे उन्ह आतल्या चौकात पोचतं आणि चौकातून माळ दिसतो. उत्तरेच्या देशात उन्हाची किंमत काय असते, हे त्या एका उतारावरून कळतं.

बंदरात शिकलेला धडा

२००७ मध्ये जुनी कंपनी मोडून तिच्या दोन कंपन्या केल्या. मेट्रो एका कंपनीकडे गेली. जमीन दुसरीकडे, आणि बंदराच्या जमिनीही तिच्यातच घातल्या. तिचं नाव 'ब्यू ओ हाउन', म्हणजे 'शहर आणि बंदर'. आज तिची ९५ टक्के मालकी पालिकेची आहे. ओरेस्टाडचं कर्ज तिच्याकडे वारशाने आलं आणि ते फेडायला नवीन विकाऊ जमीनही आली: कारखाने गेल्यामुळे ओस पडलेले धक्के.

या धक्क्यांना भाव यायला आणखी एक कारण होतं आणि त्याची चर्चा फार कमी होते. बंदराचं पाणी. जोराच्या पावसात गटारं तुंबून मैला बंदरात वाहायचा. पालिकेने जमिनीखाली साठवण टाक्या बांधल्या, सांडपाण्याची व्यवस्था सुधारली, आणि २००२ साली इस्लान्स ब्रुगेला शहराच्या मधोमध बंदरात पोहण्याची जागा सुरू झाली. जिथे नाक दाबून जावं लागायचं तिथे आता लोक ऑफिस सुटल्यावर सूर मारतात. ज्या पाण्यात पोहता येतं त्या पाण्याकाठच्या घराची किंमत वेगळी असते. गटारावर खर्च केला आणि तो जमिनीच्या भावात परत आला.

उत्तरेच्या नॉर्डहाउन बंदरासाठी २००८-०९ मध्ये स्पर्धा झाली आणि 'कोबे' या संस्थेच्या गटाची कल्पना निवडली गेली. शेवटी तिथे ४० हजार लोक राहतील आणि ४० हजार लोक काम करतील असा अंदाज आहे. ओरेस्टाडमध्ये खटकलेलं इथे बरंच सुधारलं. एकच लांब पट्टा करण्याऐवजी कालव्यांनी वेगळे केलेले छोटे छोटे भाग पाडले. रस्ते अरुंद आणि मध्येच वळणारे केले, म्हणजे वाऱ्याला सरळ धाव मिळत नाही. तळमजल्यावर दुकानं, बेकरी, बालवाडी. रोजचं सगळं पाच मिनिटांच्या चालीत मिळावं हे सूत्र. जुन्या गोष्टी पाडून टाकल्या नाहीत. १७ मजली धान्याच्या कोठाराला बाहेरून जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाचं नवं आवरण घातलं आणि आतलं खडबडीत काँक्रीट तसंच ठेवून २०१७ मध्ये तिथे घरं केली.

गाड्या रस्त्यावर लावायच्या नाहीत म्हणून पार्किंगच्या स्वतंत्र इमारती आहेत. त्यांतल्या एकीच्या भिंतीवरून लाल जिना तिरका वर जातो. २४ मीटर उंचीवर, गच्चीत, मुलांचं मैदान आहे: झोके, चढायच्या दोऱ्या, व्यायामाची साधनं. जिन्याचा लाल कठडाच वर जाऊन वळतो, लांबतो आणि त्याचेच झोके होतात. खाली मोटारी, वर मुलं, समोर समुद्र. गच्ची कुणा एकाची नाही, सगळ्यांची.

मला तिथली सगळ्यात आवडलेली गोष्ट मात्र फोटोत येत नाही. डॅनिश नियोजनात 'कांटझोन' म्हणून एक शब्द आहे. इमारतीची भिंत आणि फूटपाथ यांच्यामधली हात-दोन हात जागा. ती रस्त्याची नाही आणि घराचीही पूर्ण नाही. तिथे बाक, सायकल, कुंड्या. कुणी कॉफीचा कप घेऊन बसलेलं. आपल्याकडे त्याला ओटा म्हणतात. ओट्यावर बसलेल्या माणसामुळे गल्लीला डोळे असतात, हे आपल्या आज्यांना माहीत होतं. ओरेस्टाडच्या काचेच्या भिंतींना ओटा नव्हता. नॉर्डहाउनच्या आराखड्यात तो आहे.

मेट्रो तिथेही आली, मार्च २०२० मध्ये. त्याआधी २९ सप्टेंबर २०१९ला शहराभोवतीची १७ स्टेशनांची वर्तुळाकार लाइन सुरू झाली होती. दक्षिण बंदराकडे मात्र उलटा क्रम घडला. तिथे कालव्यांकाठी घरं आधी आली, आणि मेट्रो जून २०२४ मध्ये.

घर कुणाला परवडतं

आता कडू भाग. जमिनीची कंपनी सार्वजनिक असली तरी तिला कर्ज फेडायचं आहे. म्हणजे प्रत्येक तुकडा चढ्या भावाने विकला जाण्यात तिचं हित आहे. महाग जमिनीवर महाग घरं येतात. मालक तुमचीच पालिका, आणि तरी नर्सला, बसचालकाला, शाळेतल्या शिक्षकाला तिथे घर घेता येत नाही. लोकसंख्या साडेसहा लाखांच्या वर गेली, बुडणारी पालिका सावरली, हे खरं. पण जी माणसं सोडून गेली होती, तीच परत आली असं नाही.

डेन्मार्कमध्ये यावर एक जुनं साधन आहे: 'आल्मेन' घरं. ना-नफा संस्था ती बांधतात, भाडं खर्चाएवढंच असतं, कारभारात भाडेकरूंचा शब्द चालतो, आणि ठरावीक घरं पालिका गरजूंना देते. पण या घरांच्या बांधकामाला प्रति चौरस मीटर खर्चाची कमाल मर्यादा कायद्याने ठरलेली असते, आणि त्यात जमिनीचा खर्चही धरतात. महागड्या धक्क्यावर ती बसवणार कशी? २०१५ साली कायदा बदलला. नव्या वस्तीच्या आराखड्यात २५ टक्क्यांपर्यंत घरं आल्मेन असावीत अशी अट पालिकेला घालता येऊ लागली, आणि कोपनहेगनने ती घालायला सुरुवात केली. अशा तुकड्याला भाव कमी मिळतो. तेवढी कर्जफेड लांबते. मेट्रो लवकर हवी की स्वस्त घरं जास्त हवीत, हा प्रश्न तिथे भाषणातला नाही, ताळेबंदातला आहे. माझ्या मते २५ टक्के फार उशिरा आले. ओरेस्टाडचा मोठा भाग तोवर विकून झाला होता.

आणि विकायला जमीन कायम कुठून आणायची? ओरेस्टाडच्या पट्ट्याला लागून आमागर फेलेड हा मोठा माळ आहे. त्याच्या एका भागावर घरं बांधायचं ठरलं तेव्हा नागरिक रस्त्यावर आले. २०१७ मध्ये राजकीय पक्षांनी एक जागा सोडली आणि पुढे त्याच माळावरची दुसरी निवडली. तिचं नाव लेअर्केस्लेटन, म्हणजे चंडोलांचं मैदान. लाकडी बांधकामाची, निसर्गाशी जमवून घेणारी सुंदर चित्रं निघाली. विरोध तरीही थांबला नाही. पूर्ण माघार का घेता येईना? विक्रीचा पैसा मेट्रोच्या हिशोबात आधीच धरला होता, म्हणून. मेट्रो स्टेशनं हवीत असं म्हणणारा आणि चंडोल वाचवा असं म्हणणारा हे बऱ्याचदा एकाच घरातले, आणि दोघांचंही म्हणणं खरं.

पुढची जमीन तर समुद्रातून काढायची आहे. बंदराच्या तोंडाशी २७५ हेक्टरचं 'लिनेटहोल्म' हे बेट भराव घालून तयार करायला डॅनिश संसदेने २०२१ मध्ये मंजुरी दिली. वादळात चढणारं पाणी ते अडवेल, ३५ हजार लोकांना घरं देईल, आणि जमीन विकून आलेला पैसा नव्या मेट्रोला आणि बंदराखालच्या रस्त्याच्या बोगद्याला लागेल, असा प्रस्ताव. तळाचा गाळ काढून दक्षिणेच्या उपसागरात टाकायला सुरुवात झाली तेव्हा शेजारच्या स्वीडनने आक्षेप घेतला, आणि ते टाकणं २०२२ मध्ये थांबवावं लागलं. भरावाला लागणारी माती शहरातल्याच बांधकामांची: तळघरं, बोगदे, पाया खणून निघालेली. ती टाकायला येणारा प्रत्येक ट्रक फी भरतो, आणि ती फीही बेटाच्या जमेत धरली आहे.